काळ्या मांजराचें छायाचित्र

आमच्या विद्यार्थिदशेंत आम्हांस तर्कसंग्रह शिकविणारे शास्त्रीबोवा एक प्रश्न हटकून विचारीत. काळोख ही वस्तु आहे, कीं नाहीं? मीमांसकांचें म्हणणें असें कीं, काळोख काळा दिसतो आणि दिवा हलविला म्हणजे तो हलतांनाहि दिसतो; ज्याला रंग आहे व गति आहे, तें द्रव्यच मानलें पाहिजे. नैयायिकांस हें मान्य नाहीं. काळोख म्हणजे केवळ उजेडाचा अभाव, असा त्यांचा निवाडा; म्हणून अन्नंभट्टानें द्रव्यें नऊच सांगितलीं, दहावें सांगितलें नाहीं. मात्र त्याच ग्रंथांत रूपाच्या सात प्रकारांत नीलवर्ण गणला आहे, आणि काळा रंग त्याच्याच पोटांत येतो. म्हणजे काळोख हा अभाव. पण काळेपणा हा पदार्थाच्या अंगचा गुण. दोन्ही डोळ्यांस सारखीं वाटलीं, तरी एक नसणें आहे व दुसरें असणें आहे.

हा भेद परीक्षेपुरता पाठ करून आम्ही मोकळे झालों होतों. पुढें शाळेंत शिकविण्यांत सारें आयुष्य गेलें. त्या अवधींत त्याची आठवण झाल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. ती झाली सेवानिवृत्तीनंतर, आणि तीहि एका काळ्या मांजरामुळें.

तिचें नांव मषी. मषी म्हणजे शाई. जित्याची खोड म्हणतात ती अशी. संस्कृत नांव आम्हीं ठेविलें, आणि आळींतील मुलांनीं पंधरा दिवसांत त्याचें ‘म्हशी’ करून टाकिलें. २०१० सालच्या आषाढांत ती आमच्या वाईच्या घराच्या मागील दारीं भिजत, ओरडत बसली होती. काळें मांजर, तेंहि तिन्हीसांजेचें, म्हणून शेजारच्या एका वृद्ध बाईंनीं भुवया चढविल्या. पण आमच्या घरांतून दुधाची वाटी बाहेर आली आणि तो प्रश्न तेथेंच मिटला. त्यानंतर चौदा वर्षें देवघराचा उंबरठा तेवढा सोडून सारें घर तिचें होतें.

२०२४ च्या उन्हाळ्यांत ती पाणी फार पिऊं लागली व अन्न टाकूं लागली. जनावरांच्या डॉक्टरांनीं रक्त तपासून सांगितलें कीं, मूत्रपिंडें थकलीं आहेत. औषधानें कांहीं महिने निघतील. ही वार्ता बंगळूरास असलेल्या आमच्या नातीस कळविणें भाग होतें. लहानपणापासून प्रत्येक सुटींत ती मषीस उशाशीं घेऊन निजलेली. ती बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग म्हणाली, “आजोबा, तिचा एक तरी फोटो असा काढा ना, कीं ज्यांत ती दिसेल.”

आम्हांस नवल वाटलें. मोबाइलमध्यें मषीचीं साठ-सत्तर छायाचित्रें तरी सहज होतीं. आम्ही चष्मा लावून एकेक पाहूं लागलों, आणि नातीचें म्हणणें खरें ठरलें. पांढऱ्या चादरीवर एक काळा डाग. उंबरठ्यावर एक काळा डाग, त्यांत दोन पिवळे मणि. रात्रीं फ्लॅश लावून काढलेल्या चित्रांत नुसते दोन हिरवे दिवे. मषीचा डावा कान एका भांडणांत फाटला होता. गळ्याखालीं रुपयाएवढा पांढरा ठिपका होता. कोंवळ्या उन्हांत बसली म्हणजे तिच्या पाठीचा काळा रंग तांबूस होई व त्यांत पुसट पट्टे दिसूं लागत. ज्या खुणांनीं आम्ही तिला हजारांत ओळखलें असतें, त्यांपैकीं एकहि कोणत्याहि चित्रांत उतरली नव्हती.

आमच्या घरीं ही चूक दुसऱ्यांदा होत होती. १९७२ सालीं आमच्या धाकट्या बंधूच्या मुंजीस मामांनीं आगफा क्लिक थ्री हा कॅमेरा आणिला होता. एका फिल्मवर बारा चित्रें निघत. म्हणून प्रत्येक चित्र विचार करूनच काढावयाचें. अकरा माणसांस दिलीं, आणि बाराव्यांत बटूच्या हट्टावरून आमचा कुत्रा काळ्या यास बसविलें. भर दुपारचें ऊन, मागें चुन्याची पांढरी भिंत, शेजारीं नव्या शुभ्र धोतरांतला बटु. चित्र धुऊन आलें तेव्हां बटु उत्तम आला होता. काळ्याच्या जागीं मात्र भिंतीस भोंक पडल्यासारखें दिसत होतें. त्याच पावसाळ्यांत काळ्या गेला. पुढें निगेटिव्हवरून दुसरी प्रत काढवून पाहिली. पण जेथें काळ्या होता, तेथें निगेटिव्ह जवळजवळ निर्मळ पारदर्शक होती. फिल्मवर जें उमटलेंच नाहीं, तें कागदावर कोठून येणार? आमचे बंधु आज साठीस आले आहेत, तें चित्र अद्याप त्यांच्या पाकिटांत असतें, आणि पाहणारा प्रत्येक जण “कुत्रा कोठें आहे?” असें विचारतो.

म्हणून या वेळीं आम्हीं ठरविलें कीं, आधीं कारण समजून घ्यावें, मग कॅमेऱ्यास हात लावावा.

कारण असें आहे. कॅमेऱ्यांतील प्रकाशमापक वस्तूवर पडणारा उजेड मोजीत नाहीं. वस्तूवरून परत येणारा उजेड मोजतो. आणि मोजतांना एक गोष्ट गृहीत धरतो कीं, समोरचें दृश्य सरासरीनें मध्यम करड्या रंगाचें आहे. छायाचित्रकार या मध्यम करड्या रंगाचें प्रमाण शेंकडा १८ मानतात. म्हणजे पडलेल्या उजेडांपैकीं शेंकडा १८ भाग परत पाठविणारा रंग. सामान्य दृश्यांत हें गृहीत धरणें चालून जातें. परंतु पांढरा कागद शेंकडा ८० हून अधिक उजेड परत पाठवितो, आणि काळ्या मांजराच्या अंगावरून शेंकडा चार-पांचच्या आसपास परत येतो. बिचाऱ्या यंत्रास हें कोण सांगणार? उन्हांत बसलेलें काळें मांजर आणि अंधाऱ्या माजघरांत बसलेलें पांढरें मांजर या दोहोंकडून यंत्राकडे येणारा उजेड अगदीं सारखा असूं शकतो. आपणांस दोहोंतील भेद कळतो, कारण आपण मांजर पाहतों. यंत्र केवळ उजेड पाहतें.

येथें आम्हांस शास्त्रीबोवांची आठवण झाली. काळोख हा अभाव व काळेपणा हा गुण, हा विवेक कॅमेऱ्याजवळ नाहीं. त्याच्या लेखीं काळें तेवढें सारें काळोख. तो विवेक त्याच्यामागें उभ्या असलेल्या मनुष्यानें करावयाचा असतो. काळ्या प्राण्याचें छायाचित्र काढण्याची सारी विद्या या एका वाक्यांत आहे.

आतां या अविवेकापासून दोन परस्परविरुद्ध दोष उत्पन्न होतात, आणि त्यांची गल्लत केल्यामुळेंच पुष्कळांचीं चित्रें बिघडतात.

पहिला प्रकार असा. मांजराचें तोंड इतक्या जवळून घेतलें कीं, चौकटींत काळ्या केंसांवांचून दुसरें फारसें कांहीं उरलें नाहीं. यंत्रास वाटतें, येथें अंधार झाला आहे. तें उजेडाचें माप वाढवितें. परिणामीं काळें मांजर राखेंत लोळून आल्यासारखें करडें दिसतें, आणि गळ्याखालचा पांढरा ठिपका जळून कोरा होतो. यावर उपाय उजेड कमी करण्याचा. छायाचित्रणांत उजेड दुप्पट किंवा निम्मा होणें यास एक टप्पा म्हणतात. १८ चे साडेचार व्हावयाचे म्हणजे दोनदा निम्मे, अर्थात् दोन टप्पे खालीं. परंतु केंसांचा तपशील थोडा उजळ राहिलेला बरा, म्हणून व्यवहारांत एक ते दीड टप्पा कमी केल्यास पुरतें.

दुसरा प्रकार याच्या उलट, आणि घरोघरीं हाच अधिक आढळतो. मांजर पांढऱ्या चादरीवर, खिडकीच्या उजळ चौकटींत किंवा चुन्याच्या भिंतीशीं बसलें आहे. चौकटींत मांजर थोडें आणि पांढरें फार. यंत्रास वाटतें, येथें उजेड अति झाला; तें माप कमी करितें. चादर करडी होते आणि मांजराचा डाग होतो. येथें एक टप्पा किंवा थोडा अधिक उजेड वाढविला पाहिजे. आणि शक्य असेल तर चादरच बदलली पाहिजे, हें त्याहूनहि उत्तम. कारण उजेड वाढवितां वाढवितां चादर इतकी प्रखर होते कीं, पाहणाऱ्याची नजर मांजराकडे जातच नाहीं.

काळ्या प्राण्यासाठीं उजेड वाढवावा असें कोणी सांगतो. कमी करावा असें दुसरा सांगतो. दोघेहि खरे, आपापल्या ठिकाणीं. म्हणून वाचकांनीं प्रथम एवढेंच पाहावें कीं, चौकटींत अधिक जागा कशानें व्यापिली आहे. काळ्यानें कीं पांढऱ्यानें? त्याचें उत्तर मिळालें म्हणजे माप कोणीकडे सरकवावयाचें, हें आपोआप कळतें.

अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांनीं फ्रेड आर्चर यांच्यासह १९४० च्या सुमारास हीच गोष्ट शास्त्रशुद्ध रीतीनें मांडली. निव्वळ काळ्यापासून निव्वळ पांढऱ्यापर्यंत त्यांनीं शून्य ते दहा अशा अकरा पट्ट्या कल्पिल्या. पांचवी पट्टी ही मध्यम करडी. यंत्र कोणतीहि वस्तु त्याच पट्टींत नेऊन बसवितें. काळी असून जिचा पोत स्पष्ट दिसावयास हवा, ती वस्तु तिसऱ्या पट्टींत बसवावी, असा त्यांचा दंडक आहे. मषीची जागा तिसऱ्या पट्टींत होती. आम्ही आजवर तिला कधीं पहिलींत तर कधीं पांचवींत बसवीत आलों होतों.

यंत्राच्या चुकीस बगल देण्याची एक जुनी युक्ति आहे. मांजर जेथें बसणार, त्याच ठिकाणीं, त्याच उजेडांत एक मध्यम करडी वस्तु ठेवावी व तिच्यावरून माप घ्यावें. यासाठीं छायाचित्रकारांचें करडें कार्ड मिळतें. तें नसल्यास आपला तळवा धरावा. बहुतेकांचा तळवा त्या कार्डाहून सुमारें एक टप्पा उजळ असतो, तेवढी भर माप घेतल्यावर घालावी. मोबाइलवर हें सहज होतें. पडद्यावर बोट टेकलें कीं यंत्र त्या जागेस अनुसरून माप घेतें, बहुतेक मोबाइलांत बोट तसेंच दाबून धरलें कीं तें माप कायम राहतें, आणि नंतर सूर्याचें किंवा तसलेंच एखादें चिन्ह वर-खालीं सरकवून उजेड वाढवितां किंवा कमी करतां येतो.

कोणी म्हणेल, इतकी यातायात कशाला? चित्र काळें आलें तर मागाहून उजळवितां येतें. ही आशा फसवी आहे, आणि तिचें कारण गणिती आहे. चांगल्या कॅमेऱ्याच्या मूळ नोंदींत, ती १२ बिटांची धरल्यास, ४०९६ छटा असतात. परंतु त्यांची वांटणी समसमान नसते. सर्वांत उजळ टप्प्याच्या वांट्यास निम्म्या, म्हणजे २०४८ येतात; त्याखालच्यास १०२४, मग ५१२, मग २५६, मग १२८. काळे केंस अगदीं तळाच्या टप्प्यांत ढकलले गेले, तर त्यांचा पोत दाखविण्यास मोजक्याच छटा उरतात. मागाहून त्या उजळविल्या कीं केंसांऐवजीं रव्यासारखे दाणे दिसूं लागतात. अलीकडील मोबाइल एका क्षणांत अनेक चित्रें घेऊन त्यांचें एक करितात, त्यानें ही अडचण थोडी कमी होते. पण जें मुळांत टिपलें नाहीं, तें त्यांसहि निर्माण करितां येत नाहीं. काळ्याच्या निगेटिव्हची आणि याची कथा एकच.

हें झालें मापाचें. पण नुसत्या मापानें काम होत नाहीं. उजेडाची जातहि पाहावी लागते. पांढरी वस्तु सावल्यांनीं ओळखूं येते, तर काळी वस्तु चकाकीनें ओळखूं येते. पांढऱ्या मांजराच्या फासळ्या सावल्या पडून दिसतात. काळ्या मांजराच्या अंगावर सावली पडली काय आणि न पडली काय, सारखेंच. त्याच्या केंसांवरून सरकणारी फिकट चकाकीच त्याचा खांदा कोठें वळला, पाठ कोठें उतरली, हें सांगते. म्हणून उजेड मोठ्या पृष्ठभागावरून व एका बाजूनें आला पाहिजे. भर दुपारचें ऊन कामाचें नाहीं; त्यानें कांहीं केंस आरशासारखे चमकतात आणि बाकीचे बुडून जातात. खिडकीचा किंवा पडवीचा उजेड चांगला. ढगाळ दिवस सर्वांत चांगला, कारण त्या दिवशीं सारें आकाशच एक विशाल दिवा होतें. पावसाळ्यांत छायाचित्रें नीट येत नाहींत, हा समज निदान काळ्या प्राण्यांच्या बाबतींत तरी सोडून द्यावा.

फ्लॅश वर्ज्य करावा. मांजर व कुत्रा यांच्या डोळ्यांत नेत्रपटलामागें आरशासारखा एक थर असतो. अंधुक उजेडांत त्यांस त्याचा उपयोग होतो; पण भिंगाजवळून गेलेला फ्लॅशचा झोत त्याच थरावरून सरळ परत येतो, आणि डोळ्यांचे दिवे होतात. उलट खिडकीकडे तोंड करून बसविलें, तर डोळ्यांत खिडकीचें लहानसें प्रतिबिंब पडतें. तेवढ्यानें मुद्रा जिवंत होते. यंत्राचा नेमहि डोळ्यांवरच धरावा. सपाट काळ्या केंसांवर नेम धरला, तर यंत्रास कांहीं ठावठिकाणा लागत नाहीं आणि चित्र पुसट येतें. शटरची गति निवडतां येत असेल, तर सेकंदाच्या अडीचशाव्या भागाहून मंद ठेवूं नये. मांजरास स्थिर बस म्हणून सांगण्याची सोय नाहीं.

पार्श्वभूमि मध्यम रंगाची असावी. विटकरी, मातकट, फिकी हिरवी. आणि चित्र काढण्यापूर्वीं ओलसर फडक्यानें अंग पुसावें. काळ्या केंसांवर धुळीचा एक कणहि लपत नाहीं, ही त्यांची खोड एरवीं लक्षांत येत नाहीं, चित्रांत येते.

एवढी तयारी करून आम्हीं श्रावणांतील एका ढगाळ सकाळीं पडवींत बैठक मांडली. खालीं फिक्या हिरव्या लुगड्याची जुनी गोधडी घातली. डावीकडे अंगण मोकळें होतें, तिकडून उजेड येत होता. मषी त्या दिवसांत फारशी हिंडत नसे. तिला उचलून आणून ठेविलें, तेव्हां हाताला पाठीचा कणा लागला. आम्हीं तळवा धरून माप घेतलें, तें कायम केलें, एक टप्पा भर घातली. आमच्या कुटुंबानें माझ्यामागें उभें राहून दुधाच्या वाटीवर चमचा वाजविला. चौदा वर्षांच्या संवयीनें मषीनें कान टवकारले व मान उचलली. अकरा चित्रें काढलीं. नववें साधलें.

त्या चित्रांत ती काळीच आहे, करडी नाहीं. पण तें काळें भोंक नव्हे. खांद्याच्या हाडावरून एक निळसर चकाकी उतरलेली आहे. मिशांचे केंस मोजतां येतात. गळ्याखालचा ठिपका पांढरा आहे, जळलेला नाहीं. डोळ्यांत अंगणावरचें आकाश आहे. ती आजारी होती, हेंहि त्यांत दिसतें. तें झांकण्याचें आम्हांस कारण नव्हतें. तें चित्र आम्हीं नातीस पाठविलें. तिचें उत्तर एका ओळीचें आलें, “आजोबा, फाटलेला कान दिसतोय.”

कार्तिकांत मषी गेली. मागील अंगणांत, ज्या दारीं ती प्रथम आली, त्याच्या जवळच तिला पुरलें.

नैयायिकांनीं अभावाचे चार प्रकार सांगितले आहेत. असलेली वस्तु नष्ट झाल्यावर जो उरतो, त्यास ते प्रध्वंसाभाव म्हणतात. त्यास आरंभ असतो, पण अंत नसतो. या व्याख्येचा अर्थ शिकवितांना आम्ही घटाचें उदाहरण देत असूं. आतां दुसरें उदाहरण द्यावें लागणार नाहीं. परंतु ओटीवरील तसबिरींत तिचा काळा रंग आहे, आणि तो अभाव नव्हे, गुण आहे.

ज्या वाचकांच्या घरीं काळा कुत्रा किंवा काळें मांजर असेल, त्यांनीं आपल्या संग्रहांतील चित्रें आजच एकदां चष्मा लावून पाहावीं. त्यांत तो प्राणी खरोखर दिसत असेल, तर ठीकच. दिसत नसेल, तर पुढल्या ढगाळ सकाळीं एक गोधडी, एक वाटी व एक चमचा घेऊन बसावें. अर्ध्या तासाचें काम आहे. तें वेळेवर केलेलें बरें.